अनुभव धागा : चिनी महाकथा तुम्ही कुठल्या कॉमिकमधून वाचल्या आणि कुणाच्या बाजूचे झालात?

जपान, चीन, कोरिया, सिंगापूरला राहिलेल्या आणि इथे बसून वाचणाऱ्या सगळ्यांनाच विचारतेय. थ्री किंगडम्सची कथा, म्हणजे हान साम्राज्य मोडकळीला आलं तिथपासूनची, साधारण इ.स. १८४ ते २८०. मूळ कादंबरी चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंगच्या नावावर आहे, १२० प्रकरणांची. पण मला आजवर भेटलेले बहुतेक वाचक कादंबरीवरून नाही, कॉमिकवरून आलेत, आणि गंमत म्हणजे ज्याने जे कॉमिक आधी वाचलं त्याचा हिरो त्यावरच ठरलाय.

माझं सांगते. टोकियोत असताना जपानी शिकत होते, सेन्सेईंनी सांगितलं की योकोयामा मित्सुतेरुचं 'सांगोकुशी' वाच, कांजीच्या (जपानीतल्या चिनी अक्षरांच्या) शेजारी उच्चार छापलेले असतात, अडणार नाहीस. ६० खंड आहेत, १९७१ ते १९८७ मध्ये आलेले, जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुटे खंड स्वस्तात मिळायचे. सुरुवातीलाच ल्यू बेई (पुढे तीनपैकी एका राज्याचा राजा होतो तो) नदीकाठी बोटीची वाट बघत बसलाय, आईसाठी चहा घ्यायचाय म्हणून, आणि चहा त्या काळी प्रचंड महाग. कसाबसा तो चहा घेऊन घरी येतो, पण येताना वाटेत घराण्याची तलवार दुसऱ्याला देऊन आलाय हे आईला कळतं, आणि ती तो चहा सरळ नदीत फेकून देते, की तू राजवंशाचा आहेस हे विसरलास. हा प्रसंग मूळ कादंबरीत नाहीये, योशिकावा एइजीने आपल्या जपानी कादंबरीत घातला आणि योकोयामाने तिथून घेतला. पण त्या आईचा चेहरा बघितल्यावर पुढचे सगळे खंड मी ल्यू बेईच्याच घरातली होऊन वाचले. तुमचं लिहा, कितीही मोठं लिहा.

(कोबेहून)
योकोयामांचं नाव निघालंय म्हणून लगेच लिहितोय, ते आमच्या कोबेचेच, जन्म १९३४ चा. इथला शिन-नागाता भाग १९९५ च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत फार उद्ध्वस्त झाला होता. परत उभा करताना लोकांनी २००९ मध्ये त्यांच्या तेत्सुजिन २८ या रोबोचा भलामोठा पुतळा चौकात बसवला, तो फोटोत सगळ्यांनी पाहिला असेल. पण बाजाराच्या गल्ल्यांमध्ये सांगोकुशीतल्या वीरांचे पण पुतळे आहेत, सामान घ्यायला जाताना क्वान यू भेटतो. आमच्याकडे पाहुणे आले की मी आधी तिथेच नेतो. जपानी शाळांच्या लायब्ररीत सहसा कॉमिक ठेवत नाहीत, पण हे बऱ्याच शाळांत असतं, त्यामुळे माझ्या वयाच्या जपानी सहकाऱ्यांनी ते शाळेतच वाचलंय. त्यातला सीमा यी (शत्रूपक्षाचा सेनापती) सैन्याला सांगतो की घाबरू नका, ही कोमेईची चाल आहे (कोमेई म्हणजे झुगे लियांग, ल्यू बेईचा सल्लागार), ते वाक्य तर ऑफिसात रोजच्या वापरात आहे, समोरच्या पार्टीने अचानक सगळ्या अटी मान्य केल्या की कुणीतरी म्हणतंच. मी विचारलं की तुम्ही कुणाचे, तर दहातले बरेच जण झुगे लियांगचे निघाले. माझाही तोच. २३४ साली तो वुझांगच्या पठारावर छावणीतच मरतो तो खंड मी ट्रेनमध्ये वाचला आणि स्टेशन मागे गेलं.

(बंगळुरूहून)
मी त्साओ त्साओचा, म्हणजे ल्यू बेईच्या शत्रूचा, आणि का ते सविस्तर सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. मी आधी वाचलं ते 'सोतेन कोरो', ली हागिनची कथा आणि किंग गोंताची चित्रं, १९९४ ते २००५, ३६ खंड. त्यात त्साओ त्साओच नायक आहे, कवी, सेनापती, कारभारी सगळं एकात. कादंबरीने त्याला खलनायक केलं, पण तिसऱ्या शतकात चेन शौने जो इतिहास लिहिला त्यात तो खलनायक नाहीये. आणि योकोयामाच्या ६० खंडांत त्साओ त्साओची सगळ्यात मोठी लढाई, ग्वानदूची, इ.स. २०० ची, जवळजवळ गाळलेलीच आहे! मग वाचणाऱ्याला कळणार कसं की हा माणूस उत्तरेचा मालक झाला कशाच्या जोरावर. तिथेच तो प्रसंग आहे, त्याचा प्रतिस्पर्धी युआन शाओ हरून पळाला, त्याच्या छावणीत पत्रांचा गठ्ठा सापडला, त्साओ त्साओच्याच माणसांनी शत्रूला गुपचूप लिहिलेली पत्रं. सगळे म्हणाले नावं काढा. त्याने न वाचता जाळायला सांगितली, म्हणाला युआन शाओ एवढा बलाढ्य होता तेव्हा माझीच खात्री नव्हती, मग यांची कशी असेल. हे कादंबरीतही आहे बरं का, तिसाव्या प्रकरणात. ल्यू बेईवाल्यांनी हे प्रकरण काढून वाचावं ही विनंती.

(शांघायहून)
इथे सगळे जपानी कॉमिकबद्दल बोलतायत पण चीनमध्ये लोकांच्या डोळ्यासमोर येतं ते लिएनहुआनहुआ, तळहातावर मावेल एवढं आडवं पुस्तक, एका पानावर एकच चित्र आणि खाली दोन-तीन ओळी मजकूर. शांघायच्याच प्रकाशनाने १९५० च्या दशकात ही कथा ६० पुस्तकांत काढायला घेतली, सात हजारांवर चित्रं आहेत, कितीतरी चित्रकारांनी वाटून घेऊन काढलेली. नंतर परत छापली तेव्हा ४८ केली, म्हणून जुना ६० चा संच असलेले लोक तो कुणाला हातही लावू देत नाहीत. या पुस्तकांना पूर्वी फार हलकं समजायचे, लेखक लू श्युनने १९३२ मध्ये लेख लिहून त्यांची बाजू घेतली होती.

माझ्या ऑफिसातल्या एक वरिष्ठ बाई सांगतात, त्यांच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तकं देणारा बसायचा, लाकडी मांडणी, समोर बुटकी स्टुलं, एक-दोन फेन दिले की तिथेच बसून वाचायचं. एकाने पैसे भरायचे आणि तिघांनी डोकं घालून बघायचं, तो दुकानदार ओरडायचा. शेजारचा मुलगा पान लवकर उलटायचा म्हणून यांनी मजकूर सोडून फक्त चित्रं बघायची सवय लावून घेतली, आणि अजूनही कुठलं चित्र कुठल्या प्रसंगाचं ते त्या अचूक सांगतात. त्यांचा माणूस झाओ युन, ल्यू बेईचा सेनापती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, त्याच्या चित्रात घोडा पांढरा असायचा, लांबून ओळखू यायचा. मला हे कारण फार आवडलं, सात वर्षांच्या मुलीला असंच कारण पुरतं.

(सिंगापूरहून)
झाओ युनवरून आठवलं. इथे एशियापॅक नावाच्या प्रकाशनाने चिनी कथांची इंग्रजी कॉमिक्स काढलीत, थ्री किंगडम्सचा दहा भागांचा संच आहे, आमच्या लायब्ररीत असतो. लेकाला झोपताना वाचून दाखवायचे, इंग्रजी बघत बघत तोंडाने मराठीत. चांगबानचा प्रसंग आला, इ.स. २०८, त्साओ त्साओचं सैन्य मागे लागलंय, पळापळ झालीय, आणि झाओ युन एकटा मागे फिरून ल्यू बेईचं तान्हं बाळ छातीच्या चिलखताआड बांधून शत्रूच्या सैन्यातून बाहेर काढतो. लेक उठूनच बसला. मग झाओ युन बाळाला आणून ल्यू बेईच्या हातात देतो, आणि ल्यू बेई काय करतो तर ते बाळ जमिनीवर फेकतो, की तुझ्यापायी माझा असा सेनापती गमावणार होतो! लेक इतका चिडला की त्याने पुस्तकच मिटलं. मी समजावत बसले, राजाला सैनिकांपुढे दाखवायचं असतं, वगैरे, पण त्याचं एकच, बाळाला लागलं असेल. शेवटी मी पण त्याच्या बाजूची झाले. आता तो मोठा झालाय, चिनी वर्गात मूळ मजकूर थोडा थोडा वाचतो, पण ल्यू बेईचं नाव काढलं की अजून कपाळाला आठी. धागाकर्तीताई, तुम्ही त्या आईच्या बाजूने आत गेलात, आम्ही या बाळाच्या.

(सोलहून)
कोरियात को उ-यंगचं 'सामगुकजी'. क्रीडा दैनिकात १९७८ पासून रोज यायचं. मोठ्या माणसांसाठीचं, तिखट. त्यात ल्यू बेई चक्क बावळट दाखवलाय आणि जुन्या वाचकांना तो तसाच आवडतो. पुढे पुस्तक करताना सेन्सॉरने पुष्कळ पानं काढली किंवा खोडली, ती परत घालून पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये आली. माझे सासरे (सासर कोरियन) दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून कुठे काय कापलं होतं ते मला दाखवत बसले होते एका सुट्टीत, बोट ठेवून ठेवून. कापलेल्या जागा बघून त्या काळात सरकारला काय टोचत होतं ते समजतं, त्यासाठी मला वेगळं काही वाचावं लागलं नाही.

(नागपूरहून)
आम्ही कॉलेजची पोरं, आमच्याकडे यातलं कोणतंच पुस्तक दुकानात दिसत नाही, सगळं ॲनिमेमुळे. माझं 'किंगडम', हारा यासुहिसाचं, २००६ पासून चालू आहे. हे थ्री किंगडम्सच्या चारशेच्यावर वर्षं आधीचं, छिन राज्याने बाकीची राज्यं जिंकून चीन एक केला तो काळ. नायक शिन, म्हणजे इतिहासातला खरा सेनापती ली शिन. आता प्रॉब्लेम असा की इतिहासात हा ली शिन चू राज्यावर चालून जातो आणि भयंकर हरतो, हे नेटवर एका सर्चमध्ये कळतं. आमच्या होस्टेलमध्ये यावरून दोन गट, एक म्हणतो लेखकाने इतिहास वाकवावा, दुसरा म्हणतो वाकवलास तर वाचणं बंद. मी दुसऱ्या गटातला. एवढी वर्षं त्या पोराला गुलामापासून वर येताना बघितलंय, मग त्याचा पराभवही खराखुरा बघायचाय, अर्धवट नको.

कुणाला हाँगकाँगचं आवडत असेल तर चॅन मौचं 'रॅव्हेजेस ऑफ टाइम' पण बघा, २००१ पासूनचं. सीमा यी तरुण असतानापासून आहे आणि सगळेच्या सगळे डोकेबाज, कोण कुणाला फसवतंय ते समजायला दोनदा वाचावं लागतं.

(कोल्हापूरहून)
मी चित्रकला शिकवतो, मला चिनी वाचता येत नाही, तरी शांघायच्या त्या पुस्तकांतली काही माझ्याकडे आहेत, एका विद्यार्थ्याने चीनहून आणून दिली. एका पानावर एक चित्र आणि गोष्ट सांगणारा वेगळा, हे आपल्याकडे पिंगुळीच्या चित्रकथीत पोथीचं एकेक पान समोर धरून सांगतात तसंच, त्यामुळे मला परकं वाटलंच नाही. बघायचं ते रेषेकडे. बहुतेक पानांवर छाया नाही, राखाडी रंग नाही, फक्त काळी रेषा आणि कोरा कागद. मग गर्दीतला नायक कसा उठून दिसतो? चिलखत. नायकाच्या चिलखताचा एकेक खवला काढलेला असतो, त्यामुळे तो भाग दाट होतो, आणि भोवतालच्या शिपायांचे कपडे दोन-तीन रेषांत सोडून दिलेले. धूळ दाखवायची तर घोड्यांचे पाय गुडघ्याखाली काढायचेच नाहीत, कागद कोरा ठेवायचा. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो आणि मग मुलांना एक लढाईचं पान कॉपी करायला देतो. पहिल्या प्रयत्नात सगळी मुलं ते पाय काढून मोकळी होतात. शांघायवाल्यांना एक विचारायचं होतं, त्या बाईंकडे चांगबानचं पुस्तक असेल तर पांढऱ्या घोड्याच्या पानाचा नीट उजेडात काढलेला फोटो मिळेल का? घोडा पांढरा, कागद पांढरा, मग आयाळ कशी सोडवलीय ते मला मुलांना दाखवायचंय.