आधी घराची ऊर्जा-तपासणी करावी की थेट सौर पॅनेल बसवावेत?

प्रश्न – गच्चीवरचे ऊन (छत्रपती संभाजीनगर)
आमचे स्वतंत्र एकमजली घर असून उन्हाळ्यात महिन्याचा वीजवापर साडेतीनशे युनिटांच्या घरात जातो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळते, म्हणून पॅनेल बसवण्याचे जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात एका नव्या स्टार्टअपचा प्रस्ताव आला. आधी शुल्क घेऊन पंखे, फ्रिज, गिझर, एसी आणि स्लॅब यांची तपासणी करू, वीज नेमकी कुठे जाते ते मोजू आणि मगच काय बदलायचे ते सुचवू, असे त्यांचे म्हणणे आहे. छतावर वीज तयार होणारच असेल तर मोजमापावर पैसे कशाला घालवायचे, असे वडिलांचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – मीटरवाचक (पुणे)
मी ऊर्जा लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझा कल तपासणीकडे असणार हे उघड आहे. मात्र हिशेब आपण स्वतः पडताळून पाहावा. जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट घेतो, तर बीएलडीसी पंखा (ब्रशविरहित, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पूर्ण वेगाला 28 ते 35 वॉटमध्ये भागवतो. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे पंधरा युनिट, म्हणजे चार पंख्यांमागे साठ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात 300 युनिटांच्या वरचा टप्पा बराच महाग पडतो, आणि आपले साडेतीनशे त्याच्या खाली आणायला हे चार पंखेच पुरेसे आहेत.

दुसरी गोष्ट अनुदानाची. 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉटला 78,000 रुपये मिळतात, म्हणजे तिसऱ्या किलोवॉटला सरकारचा हातभार फक्त 18,000 रुपयांचा आहे. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. वापर आधी कमी झाला तर कदाचित दोन किलोवॉटमध्येच आपले काम भागेल. जास्तीचे युनिट नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत) पुढे ओढले जातात हे खरे, पण वर्षअखेरीस उरलेल्यांना मिळणारा दर आपण भरतो त्या दराच्या मानाने फारच कमी असतो.

प्रतिसाद – सोलापूरकर
एकमजली घर म्हटल्यावर खरा प्रश्न स्लॅबचा आहे, आणि पॅनेल विकणारे त्याविषयी सहसा बोलत नाहीत. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते; आमच्याकडे एप्रिलमध्ये रात्री अकराला पलंगावर उभे राहून छताला हात लावला तरी ते कोमट लागत असे, आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलत असे. ब्रिकबॅट कोब्यावर (स्लॅबवरील विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थरावर) पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक करून घेतल्यापासून एसी लावण्याची वेळ बरीच पुढे गेली आहे. परावर्तक रंगानेही फरक पडतो, परंतु धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, त्यामुळे तो धुवावा लागतो.

प्रतिसाद – हिशेबी (नाशिक)
स्टार्टअपला एकच प्रश्न अवश्य विचारा: तपासणीनंतर सुचवलेली उपकरणे तुम्हीच विकणार आहात काय? उत्तर होकारार्थी असेल तर प्रत्येक उपकरणाचे मोजलेले वॉट आणि रोजचे तास लेखी मागावेत. आधी शुल्क न घेता बचतीतूनच मोबदला घेण्याची पद्धत आपल्याकडे ईईएसएल या सरकारी ऊर्जाबचत कंपनीने नगरपालिकांच्या पथदिव्यांसाठी वापरली, कारण दिवे ठरावीक तास जळतात. घरात पाहुणे येतात, एखादा उन्हाळा जास्त कडक असतो, त्यामुळे आधीचा वापर किती धरायचा यावरच वाद होतो. म्हणून "बिल निम्मे करू" अशा हमीपेक्षा मोजमापाच्या तक्त्यावर विश्वास ठेवावा.

गच्चीवरचे ऊन
सर्वांचे आभार. वडिलांनी हे सर्व वाचले, आणि त्यांची शंका अशी आहे की चायना मोझॅक केल्यावर त्यावर पॅनेलचे स्टँड बसवता येतील काय.

मीटरवाचक
येतील, पण क्रम पाळावा. स्टँडच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची जागा आधी आखून घ्यावी, मग जलरोधन व मोझॅक करावे आणि शेवटी स्टँड बसवावेत; नंतर मोझॅक फोडून बोल्ट मारले तर पहिल्याच पावसाळ्यात गळती सुरू होते. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, तेवढ्या भागाला मोझॅक नसले तरी चालते.