मदत हवी आहे : सांभाळायला ठेवलेल्या गाईचे पैसे थकलेत, गाय अडवून ठेवता येते का?

नमस्कार मंडळी. आम्ही संगमनेर तालुक्यातले, घरचा गोठा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्यांनी त्यांची गीर गाय आमच्याकडे सांभाळायला ठेवली. महिना 6000 रुपये, औषधपाणी वेगळं, असं व्हॉट्सअॅपवर ठरलं. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, मग "पुढच्या महिन्यात एकदम देतो" सुरू झालं. नंतर फोनही उचलेनात.

दिवाळीनंतर गाय व्यायली, कालवड झाली. वार (वासरामागून पडणारी झिल्ली) अडकल्यामुळे रात्री डॉक्टरांना बोलवावं लागलं. ते बिल, सरकी पेंड, कडबा, सगळं आमच्याच खिशातून गेलंय. गाईवर आमचा जीव आहे, तिची आबाळ होऊ देणार नाही. पण खर्च कुठवर सोसायचा?

आता मालकांचा निरोप आलाय : रविवारी टेम्पो घेऊन गाय-वासरू न्यायला येतो, पैशांचं नंतर बघू. मामा (माझे सासरे) म्हणतात, पैसे हातात पडल्याशिवाय दावं सोडायचं नाही. गावातले म्हणतात बाजारात विका, नाहीतर कोंडवाड्यात घाला. यातलं कायद्यात काय बसतं? कालवड तरी आम्हाला ठेवून घेता येईल का?

प्रतिसाद :
ताई, मी दिवाणी कोर्टात वकिली करतो. आधी विकण्याचा विचार सोडा. सोपवलेली वस्तू परस्पर विकली तर उलट तुमच्यावरच केस होईल. थकलेल्या पैशासाठी विकण्याची मुभा गहाण ठेवून घेणाऱ्याला असते, आणि गाय तुमच्याकडे गहाण नाही. दावा चालू असताना जनावराचा खर्च वाढत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 6 खाली कोर्टाकडे विक्रीची परवानगी मागता येते. कोंडवाडा पिकात शिरलेल्या जनावरांसाठी असतो, इथे त्याचा संबंध नाही.

मामांच्या म्हणण्याला मात्र आधार आहे. करार कायदा 1872, कलम 170 : सोपवलेल्या वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्ची घातलं असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. पण कायद्यातली उदाहरणं हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याची आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याची आहेत. नुसतं चारापाणी त्यात बसतं का, यावर समोरचा वकील भांडणारच. इंग्लंडच्या जुन्या निकालांत चराईला जनावर ठेवणाऱ्याला हा हक्क नाकारलाय, घोडा शिकवून तयार करणाऱ्याला दिलाय. तेव्हा सगळी भिस्त यावर नको. मात्र गाय टेम्पोत चढली की तेवढाही हक्क गेला, म्हणून हिशोबासकट नोटीस रविवारच्या आत पाठवा. ते आले तर हमरीतुमरी नको, निदान काही रक्कम आणि बाकीची लेखी कबुली घ्या.

कालवडीचं उत्तर सरळ आहे. कलम 163 मध्ये उदाहरणच गाईचं आहे : सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर वासरूही मालकाला परत द्यायचं.

गाय गेली तरी पैसे बुडत नाहीत. वसुलीचा दावा साधारण 3 वर्षांत लावता येतो. चॅट पुरावा म्हणून चालतो, सोबत साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचं प्रमाणपत्र लागतं. तालुका विधी सेवा समितीत महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दाव्याआधी लोकअदालतीतही प्रकरण ठेवता येईल.

धागाकर्ती :
दादा, खूप आभार. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पेंडेच्या पावत्या आजच एकत्र करते. वासराचं पिऊन उरलेलं दूध आम्ही डेअरीला घातलंय. ते हिशोबात धरायचं का? आणि कालवडीच्या कानात बिल्ला मारायला दवाखान्यातले लोक येणार आहेत, मालक म्हणून नाव कुणाचं सांगू?

प्रतिसाद :
नाव त्यांचंच सांगा. दुधाचे पैसेही त्यांच्या नावे जमा दाखवा, कारण कलम 163 मध्ये वाढ आणि नफा दोन्ही येतात. डेअरीच्या पावत्या जोडून ती रक्कम वजा करा आणि उरलेल्या पैशांची नोटीस द्या. दूध लपवलं तर कोर्टात तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतील.