सोसायटीत सॉफ्टनर आहे, तरी टाकीचा पीएच ८.२. कार्डिनल माशांसाठी खाली कसा आणायचा?

निळी_रेघ
टाकी ३ फूट × सव्वा × सव्वा. वाळू-दगड वजा जाता पाणी साधारण ११० लिटर. १२ कार्डिनल टेट्रा, ६ कोरीडोरास. पाणी बोअरचं, पण सोसायटीच्या सॉफ्टनरमधून येतं, म्हणजे सॉफ्टच. थेंबांच्या किटवर आलेले आकडे:
नळ (ताजं): पीएच ७.४, केएच (बायकार्बोनेट) १०, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियम) १, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ५२०
टाकी: पीएच ८.२, केएच १०, जीएच ४
पीएच कमी करायचं लिक्विड टाकलं की संध्याकाळी ६.८, सकाळी परत ८. बदामाची सहा पानं टाकली, पाणी चहासारखं झालं, पीएच ढिम्म हलला नाही. दोन कार्डिनल गेले. डोस वाढवू का?

केएच_आधी
डोस वाढवू नका, ती बाटलीच कपाटात ठेवा. तुमचा पीएच केएचने धरून ठेवलाय. केएच म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट. ॲसिड पडलं की त्यातलं थोडं मोडून कार्बन डायऑक्साइड होतो. तो पाण्यात आहे तोवर पीएच खाली दिसतो. रात्रभर एअर स्टोन चालला की तो उडून जातो आणि उरलेलं बायकार्बोनेट पीएच परत वर नेतं. माशांना मात्र रोज झोका. शिवाय लिक्विड फॉस्फेटवालं असेल तर शेवाळाला खत.

नळाचा ७.४ सुद्धा फसवा आहे. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. बादलीत एअर स्टोन सोडून २४ तासांनी मोजा, ८.२ च्या आसपास येईल.

आता सॉफ्टनर. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून बदल्यात सोडियम देतो, बायकार्बोनेटला हातही लावत नाही. म्हणून जीएच १ आणि केएच १०. साबणाला छान फेस येईल, गीझरमध्ये क्षार धरणार नाहीत, पण माशांच्या दृष्टीने तुमच्या नळाला खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी येतंय. बदामाच्या पानांतलं ॲसिड एवढ्या केएचपुढे कुठे पुरणार? रंग तेवढा चढला.

आणि नळाला जीएच १, टाकीत ४, तर हे ३ आले कुठून? दगड किंवा वाळू विरघळतेय. प्रत्येक प्रकारचा खडा बाहेर काढून कोरडा करा, वर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर बाद. शिंपले, संगमरवराचे तुकडे हे नेहमीचे संशयित. काळा बेसाल्ट चालतो, पण त्याच्या भोकांत पांढरे स्फटिक दिसले तर थेंब नेमका तिथे टाका. कॅल्साइट असू शकतं.

मेम्ब्रेन_मास्तर
केएच खाली आणायचा खात्रीचा उपाय म्हणजे आरओचं पाणी मिसळणं. घरचा आरओ चालेल, पण प्यायच्या नळाचं पाणी घेऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो मूळ पाणी थोडं परत मिसळतो. पुढे मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज असेल तर पीएच पुन्हा वर. मेम्ब्रेनमधून बाहेर येणाऱ्या नळीला टी बसवून तिथूनच पाणी घ्या. मेम्ब्रेन धड असेल तर ५२० चे ५० च्या आत आले पाहिजेत. लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जातं, ते लादी पुसायला ठेवा.

मिसळायला मात्र सॉफ्टनरचं पाणी नको, नाहीतर जीएच शून्याजवळ जाईल. बागेचा नळ बहुधा सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर असतो. तिथलं मोजून सांगा.

गढूळ_गप्पी
वर लिहिलंय ते बरोबर, पण उत्साहात केएच शून्यावर नेऊ नका. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खातात. केएच संपला की पीएच एकदम कोसळतो आणि ६ च्या खाली त्या बॅक्टेरियांचं काम मंदावतं. अमोनिया साचतो, पण कमी पीएचला तो अमोनियम रूपात असल्याने मासे तगून राहतात. मग कुणीतरी घाबरून ८ पीएचचं अर्धी टाकी पाणी ओततं, अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि तासाभरात मासे वर येऊन धापा टाकतात. केएच २ ठेवा. त्याच्या खाली गेला तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा, साधारण १ अंश वाढतो. एवढ्या खालचं मोजताना किटमध्ये ५ ऐवजी १० मिली पाणी घ्या, म्हणजे एक थेंब अर्धा अंश.

फुकटात हवं असेल तर पागोळ्यांचं पाणी. पहिले चार-पाच पाऊस सोडून द्या. सिमेंटच्या गच्चीवरचं नको, त्यातच केएच वाढतो. ताडपत्री बांधून धरा.

निळी_रेघ
पांढरे गुळगुळीत खडे जोरात फसफसले. वाळूला काही नाही. बागेचा नळ: केएच १०, जीएच १५. आरओ मेम्ब्रेनला टीडीएस ३५.

मेम्ब्रेन_मास्तर
मग गणित सोपं आहे. ५ लिटर बागेचं, २० लिटर आरओ. हे मिश्रण केएच २ च्या आणि जीएच ३ च्या आसपास येईल. आदल्या रात्री ड्रममध्ये एअर स्टोन लावून ठेवा, तापमान टाकीइतकं करा. पांढरे खडे आधी काढा, नाहीतर पाणी जितकं मऊ होईल तितके ते जास्त विरघळतील. आठवड्याला हेच २५ लिटर बदला. केएच १० वरून अंदाजे ८.२, ६.८, ५.७, ४.९, ४.२ असा उतरेल आणि सहाव्या आठवड्याला ४ च्या खाली जाईल. घाई नको, टीडीएसचा झटका पीएचपेक्षा जास्त मारतो.

केएच ३ झाला की मग बदामाची पानं टाका. झाडावरची हिरवी तोडू नका, गळलेली तपकिरी घ्या, रस्त्याकडेची नकोत. ११० लिटरला दोन मोठी, महिन्याने बदला. मग तीच पानं पीएच हलवतील. फार्मवर वाढवलेल्या कार्डिनलना ६.५ ते ७ पुरे, रिओ नेग्रोचा (त्यांच्या मूळ नदीचा) आकडा गाठायची गरज नाही.