पोरं बुवांकडे जातात की आपणच नेतो?

चिंचोके: आमच्या सोसायटीतला अकरावीचा मुलगा 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिराला गेला आणि पार बदलला. पहाटे चारला उठतो, क्रिकेट बंद, मित्र 'तामसी' म्हणून तोडले. दहावीत टक्के घसरल्यापासून घरात कोणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं. तिथे पहिल्याच दिवशी 'दादा, तुझ्यात तेज आहे' म्हणत पुढे बसवलं. माझं मत स्पष्ट आहे, १८ पूर्ण होईपर्यंत असल्या ठिकाणी पाठवूच नये.

कोकमआगळ: पाठवतं कोण पण? आसाराम प्रकरण आठवा. मुलगी १६ वर्षांची, त्याच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकणारी, कारण आईवडील भक्त. २०१३ मध्ये 'भूतबाधा आहे, बापूच उतरवतील' असं सांगितल्यावर जोधपूरला तिला घेऊन गेले तेही आईवडीलच. पण पुढे बापूनेच लैंगिक अत्याचार केला असं पोरीने सांगितलं, ते त्यांनी खरं मानलं, तक्रार केली. साक्षीदारांवर हल्ले झाले, खूनही पडले, तरी हटले नाहीत. २०१८ मध्ये आसारामला जन्मठेप झाली. तेव्हा आधी भिंतीवरचा बुवाचा फोटो उतरवा.

रिकामटेकडा: फोटो काय उतरवा! आमच्या घरात तीन पिढ्या माळकरी. मी नववीत दिंडीत चाललो, मग तोही कल्ट, म्हणजे माणसाला कह्यात ठेवणारा पंथ, का? उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

कोकमआगळ: दिंडी अर्ध्यात सोडून घरी आलात तर कोणी जाब विचारायला येतं? त्या मुलाला एक दिवस दांडी मारून बघू दे.

चिंचोके: मारली होती, तापामुळे. संध्याकाळी तिघे दारात. 'साधना चुकली म्हणून ताप आला.' आणि आई मान डोलावतेय!

रिकामटेकडा: हे मात्र अति झालं. पोलिसांत का जात नाही? जादूटोणाविरोधी कायदा आहे ना २०१३ पासून?

निशिगंध: त्या कायद्यात बसायला भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अघोरी उपाय असलं काही घडावं लागतं. 'तुझ्यात तेज आहे' म्हटल्याबद्दल कोणाला आत टाकणार? आणि घरात गुरूची टिंगल तर अजिबात नको, पोरगं आणखी तिकडेच सरकेल. त्याच्या क्रिकेटच्या मित्रांना रविवारी खालून हाका मारायला लावा. नाही आला तरी पुढच्या रविवारी पुन्हा.

कोकमआगळ: हाका मारा, पण शिबिराच्या 'पुढच्या पातळी'ची फी किती आणि ती भरतंय कोण, हेही विचारा. उत्तर त्या माउलीकडेच असणार.