व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये सुडोशिवाय काहीच लिहिता येत नाही, सीएचमॉड ७७७ पण चालेना

प्रश्न:

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले यातच अडकलोय. होस्ट (मूळ कॉम्प्युटर) विंडोज आहे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेस्ट म्हणून उबुंटू लिनक्स टाकलंय, गेस्ट अ‍ॅडिशन्स (दोघांना जोडणारे ड्रायव्हर) इन्स्टॉल केलेत, सेटिंगमध्ये शेअर्ड फोल्डर देऊन ऑटो-माउंटला टिक केलीय. फोल्डर /मीडिया/एसएफ_प्रोजेक्ट असा दिसतो पण उघडायला गेलं की परमिशन डिनाइड. सुडो (रूट म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लावून सगळं होतं, फाइल बनते आणि ती विंडोजमध्ये पण दिसते, म्हणजे शेअरिंग चालू आहे. एलएस -एल (फाइल्सची यादी) केलं तर मालक रूट, ग्रुप व्हीबॉक्सएसएफ असं येतं. सुडो सीएचओन करून मालक बदलायचा प्रयत्न केला, सगळ्यांना सगळ्या परमिशन देणारं सुडो सीएचमॉड -आर ७७७ पण मारून बघितलं, दोन्ही वेळेला एरर काहीच नाही, पण परत एलएस केलं की जसंच्या तसं. एरर तरी आली असती तर शोधता आलं असतं. रीड-ओन्लीची टिक चेक केली, ती नाहीये. प्रत्येक वेळी सुडो लावून एडिटर उघडायचा नाहीये मला, काय करू?

उत्तर १:

सीएचमॉड आणि सीएचओनच्या मागे लागू नका, तिथे त्यांचा उपयोगच नाही. त्या फोल्डरमागे खरी लिनक्सची डिस्क नाहीये, फाइल्स विंडोजकडे आहेत, आणि विंडोजच्या फाइलला लिनक्सचा मालक कुठे साठवणार? म्हणून व्हीबॉक्सएसएफ ड्रायव्हर माउंट होतानाच, म्हणजे फोल्डर जोडला जातानाच, एकदा ठरवतो की यातल्या सगळ्या फाइल्सचा मालक अमुक, ग्रुप तमुक, परमिशन इतकी, आणि पुढे तेच दाखवत राहतो. ऑटो-माउंट केलं की मालक रूट, ग्रुप व्हीबॉक्सएसएफ आणि परमिशन ७७०, म्हणजे रूट आणि त्या ग्रुपमधल्या लोकांना सगळं, बाकीच्यांना आत डोकावता पण येत नाही. तुमचा युजर त्या ग्रुपमध्ये नाही एवढंच झालंय.

त्याला ग्रुपमध्ये घालायला ही कमांड द्या: सुडो युजरमॉड -एजी व्हीबॉक्सएसएफ आणि पुढे तुमचं युजरनेम. ए स्मॉल, जी कॅपिटल. तो ए विसरू नका, कळकळीने सांगतोय, कारण नुसतं जी दिलं तर युजर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो, त्यात सुडो ग्रुप पण गेला आणि मग रिकव्हरी मोडमधून दुरुस्ती करत बसावं लागतं. माझ्यावर ही वेळ आलेली आहे.

प्रश्नकर्ता:

केलं, एरर नाही आली. पण अजून परमिशन डिनाइडच येतंय. /ईटीसी/ग्रुप फाइलमध्ये माझं नाव व्हीबॉक्सएसएफच्या ओळीत दिसतंय.

उत्तर २:

लॉगआउट करून परत लॉगिन केलंत का? नुसतं नवीन टर्मिनल उघडून चालत नाही, ग्रुप लॉगिनच्या वेळेसच लागतात. टर्मिनलमध्ये नुसतं ग्रुप्स असं टाइप करा, त्यात व्हीबॉक्सएसएफ दिसलं तरच काम होईल, फाइलमध्ये नाव असणं वेगळं आणि चालू सेशनला ते लागलेलं असणं वेगळं. सरळ व्हीएम रीस्टार्ट केलंत तरी चालेल.

प्रश्नकर्ता:

झालं!! रीस्टार्ट केल्यावर सुडोशिवाय फाइल बनली, मनापासून आभार. पण आता त्याच फोल्डरमध्ये एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवणारी कमांड) केलं तर अर्ध्यात थांबतं, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) बनवता येत नाही म्हणतंय. हाताने एलएन -एस करून बघितलं तर रीड-ओन्ली फाइल सिस्टीम असा मेसेज येतो, आणि त्याच जागी टच केलं तर फाइल बनते, मग रीड-ओन्ली कसं?

उत्तर १:

तो मेसेज दिशाभूल करणारा आहे, फोल्डर रीड-ओन्ली नाहीये. व्हर्च्युअलबॉक्स सुरक्षेसाठी गेस्टला शेअर्ड फोल्डरमध्ये सिमलिंक बनवूच देत नाही, आणि ती मनाई अशी रीड-ओन्लीच्या नावाने समोर येते. चालू करायचं असेल तर व्हीएम बंद करून होस्टवर व्हीबॉक्समॅनेज सेटएक्स्ट्राडेटा, मग व्हीएमचं नाव, मग व्हीबॉक्सइंटर्नल२/शेअर्डफोल्डर्सएनेबलसिमलिंक्सक्रिएट/शेअरचं नाव, आणि शेवटी १. शेअरचं नाव म्हणजे सेटिंगमध्ये दिलेलं, एसएफ_ न लावता. विंडोजवर साध्या युजरला सिमलिंक बनवायचा हक्क नसतो, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो.

पण खरं सांगू का, मी असं करणार नाही. एनपीएम इन्स्टॉलला --नो-बिन-लिंक्स हा सिमलिंक टाळणारा पर्याय देऊन बघा, आणि त्याहून बरं म्हणजे प्रोजेक्ट व्हीएमच्या स्वतःच्या डिस्कवर होम फोल्डरमध्ये ठेवा आणि शेअर्ड फोल्डर फाइल्स इकडून तिकडे द्यायलाच वापरा. हजारो बारक्या फाइल्स शेअर्ड फोल्डरमधून वाचायला वेळ फार जातो, आणि विंडोजमध्ये फाइल सेव्ह केली तर गेस्टमधल्या वॉचरला (फाइल बदलली का बघणाऱ्या प्रोग्रॅमला) त्याची खबर लागत नाही म्हणून आपोआप रीलोड पण होत नाही. डेटाबेसचं डेटा फोल्डर तर चुकून पण तिथे ठेवू नका, त्याला स्वतःच्या मालकीच्या फाइल्स लागतात आणि इथे मालक बदलता येत नाही हे तुम्ही बघितलंच आहे.

उत्तर ३:

ग्रुपचा मार्ग नको असेल तर ऑटो-माउंट काढून स्वतः माउंट करता येतं, मी तसंच वापरतो. सुडो माउंट -टी व्हीबॉक्सएसएफ -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१०००, मग शेअरचं नाव आणि रिकामा फोल्डर. उबुंटूवर पहिल्या युजरचा आकडा १००० असतो, तरी आयडी कमांड देऊन खात्री करा. कायमचं हवं असेल तर हेच एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) टाका पण सोबत नोफेल लिहा, नाहीतर कधी शेअरचं नाव बदललं किंवा गेस्ट अ‍ॅडिशन्स बिघडले की बूट होताना व्हीएम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं.

आणि कोणाचा होस्ट लिनक्स असेल तर अजून एक, गेस्टमध्ये तुम्ही रूट असलात तरी होस्टवर लिहिणारा असतो तो व्हर्च्युअलबॉक्स चालवणारा युजर. त्याला होस्टवर त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क नसेल तर आत सुडो लावून पण परमिशन डिनाइडच येणार. त्यामुळे सुडोने चालतं की नाही हे आधी बघावं, चालत असेल तर गडबड गेस्टच्या ग्रुपमध्ये किंवा माउंटमध्ये, नाहीतर होस्टच्या बाजूला.

प्रश्नकर्ता:

प्रोजेक्ट होम फोल्डरमध्ये हलवला, इन्स्टॉल एका दमात झालं आणि रीलोड पण होतंय. शेअर्ड फोल्डर आता फक्त फाइल्स देण्याघेण्यासाठी, ग्रुप तसाच ठेवलाय.