मदत हवी आहे : घर घेण्याआधी रेडॉन कसा तपासायचा?

माळावरचा_वारा (धागाकर्ता)
घर पसंत आहे, भाव ठरलाय, बारा दिवसांत इसार द्यायचाय. त्याआधी घरात रेडॉन (जमिनीतून निघणारा किरणोत्सारी वायू) किती आहे ते बघायचंय. इथल्या प्रयोगशाळेत विचारलं तर फक्त पाणी तपासतो म्हणाले. यंत्र कोणतं, किती दिवस ठेवायचं, आकडा किती आला तर घर सोडायचं, एवढंच सांगा. रेडॉन म्हणजे काय ते माहीत आहे, ते नको.

मांजराकाठ
मराठवाड्यात कशाला रेडॉन शोधताय? रेडॉन खडकातल्या युरेनियमपासून तयार होतो. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे आणि त्यात युरेनियम अगदी नगण्य. बिनधास्त इसार द्या.

अल्फाकण
गाव न विचारता बिनधास्त कसं म्हणता? धागाकर्ते, तालुका कोणता? बैठं घर का फ्लॅट? जमिनीखाली खोली आहे का? बोअर कुठं आहे? घर सध्या राहतं आहे का बंद?

माळावरचा_वारा
देगलूर. बैठं घर. तळघर नाही. दिवाळीपासून बंद आहे. बोअरचा इथं काय संबंध?

अल्फाकण
देगलूर म्हणजे सगळं गणित बदललं. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोली पट्ट्यात, बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) वर येतो. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम बेसाल्टच्या कितीतरी पट असतं. म्हणून घर वाईटच असेल असं नाही, दोन शेजारच्या घरांतसुद्धा मोठा फरक पडतो. पण तपासण्याला कारण आहे.

बारा दिवसांत फिल्मची तपासणी बसत नाही. एलआर-११५ फिल्मचे डबे तीन महिने टांगतात, मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात फिल्म धुऊन अल्फा कणांचे (रेडॉनमधून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांचे) माग मोजतात. सर्वांत भरवशाची पद्धत ती, पण ती राहायला गेल्यावर करा. कोळशाचा डबा (कोळसा हवेतला रेडॉन शोषतो, मग तो प्रयोगशाळेत मोजतात) २ ते ४ दिवसांत होतो. अडचण अशी की त्याला दमट हवा चालत नाही, आणि रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, म्हणून डबा कुरिअरमध्ये अडकला की मोजणी कच्ची. तुमच्यासाठी डिजिटल रेडॉन मीटरच. विकत किंवा कुणाकडून आठवड्यासाठी आणा.

दारं-खिडक्या लावून १२ तास जाऊ द्या, मग मीटर ठेवा. जमिनीपासून किमान दीड-दोन फूट वर, खिडकी-दारापासून ३ फूट लांब, भिंतीपासून हातभर पुढं. स्वयंपाकघर आणि न्हाणीत नको. निदान ४ दिवस, जमलं तर ७. पहिल्या २४ तासांचे आकडे धरू नका. तासातासाचा आकडा वरखाली नाचतो, कारण कमी पातळीला तासाभरात मोजायला कणच थोडे मिळतात. सरासरीच बघा.

दगडीपाया
चार दिवस मीटर लावून बसण्यापेक्षा न्हाणीत आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखे बसवा. वायू बाहेर गेला, विषय संपला.

अल्फाकण
दगडीपाया, खिडक्या बंद ठेवून एक्झॉस्ट लावला तर घरातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि जमिनीतली हवा फरशीच्या सांध्यातून जास्त ओढली जाते. त्यानं रेडॉन वाढूही शकतो. हवा आत यायला वाट हवी. या बाबतीत आपला उन्हाळी कूलर चांगला, तो बाहेरची हवा आत ढकलतो. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असताना घेतलेला आकडा धरायचा नाही. पावसाळ्यात अंगणातली माती भिजून बंद होते आणि वायूला घराखालचा कोरडा भागच वाट देतो. बंद घराची खरी परीक्षा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात.

दगडीपाया
हवा आत घ्यायची हे मलाही माहीत आहे, ते गृहीतच धरलं होतं.

विज्ञानप्रेमी_परभणी
गायगर काउंटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तासाभरात निकाल.

अल्फाकण
तो मुख्यतः गॅमा आणि बीटा मोजतो. खोलीतल्या हवेतला रेडॉन त्यावर कळत नाही. गॅस गळतीचा अलार्मही उपयोगाचा नाही.

तेरणा_१९
आमच्याकडं पेवात उतरलेली माणसं बेशुद्ध पडतात, तो हाच वायू ना?

मांजराकाठ
नाही. बंद पेवात धान्याच्या श्वसनानं ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस काही मिनिटांत कोसळतो. रेडॉननं गुदमरत नाही. तो वर्षानुवर्षे फुप्फुसात जाऊन कर्करोगाचा धोका वाढवतो, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर कितीतरी पटीनं. पेवात मात्र कधीही एकट्यानं उतरू नका.

सातबारा_तपासा
रेडॉन राहू द्या, एन.ए. आहे का गुंठेवारी? फेरफार बघितला का? सिटी सर्व्हेचा उतारा काढा. लोक नको तिथं बारकाई करतात.

माळावरचा_वारा
कागद वकिलांकडं आहेत, ते नीट आहेत. आकडा किती ते अजून कुणी सांगितलं नाही. आणि बोअरचं?

अल्फाकण
जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये १०० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटर ही पातळी सुचवली, आणि शक्य नसेल तिथं ३०० च्या वर जाऊ नये असं सांगितलं. अमेरिकेत १४८ ला दुरुस्ती करा म्हणतात. तुमचं घर महिनोन्महिने बंद, म्हणजे आत वायू साचायला पूर्ण संधी आहे. तरी सरासरी ७५ च्या खाली आली तर निर्धास्त व्हा. ७५ ते ३०० आली तर घर घ्या, पण राहायला गेल्यावर तीन महिन्यांची फिल्म लावा. ३०० च्या वर गेली तरी घर सोडू नका, ते दुरुस्त होतं. इसार पावतीत दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा ते लिहून घ्या.

बोअरचं असं, केसिंगभोवतीची (बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपाभोवतीची) फट आणि उघडं तोंड म्हणजे खोलवरच्या खडकाची थेट चिमणी. पाण्यातही विरघळलेला रेडॉन असतो, तो शॉवरला आणि भांडी घासताना बाहेर पडतो. ढोबळ मानानं पाण्यातल्या १०,००० भागांमागं हवेत १ भाग. बोअर कुठं आहे?

माळावरचा_वारा
जिन्याखाली, घरातच. तोंडावर गोणपाट टाकलंय. मागच्या दोन खोल्या जुन्या, पांढऱ्या मातीच्या भिंती, खाली शहाबादी.

मांजराकाठ
हे आधी सांगायचं होतं.

दगडीपाया
आरओ बसवा, पाण्याचा प्रश्न मिटेल.

अल्फाकण
आरओनं युरेनियम कमी होतं, रेडॉन वायू पडद्यातून पार जातो. त्याला वर उघड्या हवेत शिंतोडे उडवत टाकी भरणं चांगलं.

मातीच्या खोल्यांसाठी एक सूचना. मातीच्या भिंतीतून थोरॉनही (रेडॉनचाच एक प्रकार) निघतो. त्याचं आयुष्य मिनिटापेक्षा कमी, म्हणून भिंतीलगतच सापडतो. मीटर कोनाड्यात ठेवलात तर आकडा फुगेल. खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवा. शक्यतो तीन मोजण्या करा, जिन्याजवळ, मागच्या खोलीत, झोपण्याच्या खोलीत. बारा दिवसांत तिन्ही बसत नसतील तर आधी जिन्याजवळची.

दगडीपाया
दुरुस्तीचं मी सांगतो, ते माझं काम आहे. आधी बोअरच्या केसिंगभोवती सिमेंट ग्राउट आणि तोंडाला रबर पॅकिंगची टोपी. शहाबादीचे सांधे खरडून पॉलियुरेथेन सीलंट. नुसत्या सांध्यांवर भरवसा नको, काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात हललं की पुन्हा फटी पडतात. आकडा जास्त असेल तर मधल्या खोलीत फरशीला छिद्र पाडा, खालचा बादली-दोन बादल्या मुरूम उकरा, ४ इंची पीव्हीसी पाइप बसवा, पॅरापेटच्या वर न्या, खिडकीपासून १० फूट लांब. पंखा गच्चीवर, घरात नको. पंख्यापुढचा पाइप गळला तर वायू बाहेर पडतो, तो घरात पडायला नको. मग दूरच्या कोपऱ्यात फरशीला पेन्सिलएवढं भोक पाडून अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला म्हणजे ओढ तिथवर पोचली, नाही तर दुसरं छिद्र लागेल. दाबून कुटलेल्या मुरमात ओढ लांब जात नाही.

अल्फाकण
हे अगदी बरोबर. फक्त भोक नंतर बुजवा, आणि पाइपाला रंगीत पाण्याची यू आकाराची नळी लावा, पंखा बंद पडला तर दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसते.

माळावरचा_वारा
मीटर मिळतंय, मंगळवारपासून लावतो. पहिल्या चार दिवसांत गोणपाट तसंच ठेवू का?

अल्फाकण
हो, तसंच. घर आहे त्या अवस्थेत मोजा. मग बोअरचं तोंड प्लॅस्टिकनं घट्ट बांधून जिन्याजवळ चार दिवस पुन्हा. आकडा खाली आला तर आधी बोअरचं काम करा, फरशीला नंतर हात लावा.