डेटाबेस ‘भ्रष्ट’ होतो की नासतो? सर्व्हर ‘गोठतो’ की खोळंबतो?

प्रश्न :
परभणीच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाचा हिशेब लिनक्स सर्व्हरवर, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवलेला आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. सोयाबीनची आवक जोरात असताना एका दुपारी शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघेनाशा झाल्या. त्या रात्री मी नोंदवहीत लिहिले : ‘सर्व्हर गोठला, डेटाबेस भ्रष्ट झाला.’ सकाळी आलेल्या सहकाऱ्याने ती नोंद वाचून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. खरे तर डिस्क खराब होत चालली होती आणि तिच्यावरचे जेवढे वाचता येत होते तेवढे आधी दुसरीकडे उतरवून घ्यायला हवे होते. माझ्या शब्दांनी त्याला चुकीची वाट दाखवली, असे मला मनापासून वाटते. नेमके शब्द कोणते असावेत?

प्रतिसाद :
‘भ्रष्ट’ म्हटले की मराठी माणसाला आचरण आठवते, शिवाय ती वस्तू दुरुस्त होईल की नाही याचा त्यातून बोध होत नाही. आपल्याकडे यंत्र बिघडते आणि ते दुरुस्त करता येते. दूध नासते आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. हा भेद इथे तंतोतंत लागू पडतो. पोस्टग्रेस माहिती सहसा 8 किलोबाइटच्या पानांत ठेवतो. लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेस स्वतः लिहीत असलेल्या नोंदींत, ‘इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक’ (ब्लॉकमधील पान अवैध) अशी ओळ दिसली, तर ते पान नासले असे समजावे, कारण त्यातील मजकूर बॅकअपमधूनच परत आणावा लागतो. याउलट इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची, बिघडतो. जीलिबसी या लिनक्समधील पायाभूत लायब्ररीच्या 2018 मध्ये आलेल्या 2.28 या आवृत्तीत अक्षरांचा क्रमच बदलल्यामुळे, ऑपरेटिंग सिस्टिम नवी केल्यावर टेबलात असलेले नावसुद्धा शोधून सापडेना, असे अनेक ठिकाणी घडले. तिथे माहिती शाबूत होती आणि रीइंडेक्स करणे, म्हणजे ती सूची नव्याने बांधणे, पुरेसे होते.

पेवातील ज्वारीचे उदाहरण जुन्या माणसांना लगेच पटेल. ओल कडेने शिरते, वरून काही कळत नाही, आणि पेव उघडल्यावरच किती धान्य काळे पडले ते दिसते. म्हणूनच पानांचे चेकसम, म्हणजे मजकूर बदलला का हे ओळखण्याचे पडताळणी-आकडे, चालू ठेवावेत. ती सोय पोस्टग्रेसच्या 2013 मधील 9.3 आवृत्तीपासून आहे, पण ती आपोआप चालू मिळते ती आवृत्ती 18 पासून.

दुसरा प्रतिसाद :
‘गोठणे’ मला मान्य नाही. गोठलेली वस्तू स्वतःच घट्ट झालेली असते. इथे प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, डिस्कच्या उत्तराची वाट पाहत असते. चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या ‘पीएस’ आज्ञेच्या यादीत तिच्यासमोर ‘डी’ हे अक्षर दिसते आणि ‘किल मायनस नाईन’ ही सक्तीने बंद करण्याची आज्ञा दिली तरी ते वाट पाहणे संपेपर्यंत ती हलत नाही. याला मराठीत ‘खोळंबणे’ हा हक्काचा शब्द आहे, आणि त्याची मोठी सोय अशी की तो ऐकताच ‘कशासाठी?’ हा प्रश्न तोंडी येतो आणि माणूस कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत डिस्कच्या तक्रारी शोधू लागतो. डेटाबेसमधील दोन व्यवहार (ट्रान्झॅक्शन) एकमेकांनी नोंदींवर लावलेले कुलूप (लॉक) सुटण्यासाठी थांबले असतील, तर मात्र ‘अडून बसले’ म्हणावे. तिथे डिस्कचा दोष नसतो.

प्रश्नकर्ता :
दोघांचाही आभारी आहे. दुकानात सगळे ‘हँग झाला’ असेच म्हणत राहतील आणि बोलण्यात ते चालेल. नोंदवहीत मात्र त्या दिवसाची नोंद आता अशी दुरुस्त केली आहे : ‘डिस्कपाशी सर्व्हर खोळंबला, पावत्यांच्या टेबलातील पाने नासली, डिस्कची प्रत काढल्याशिवाय बंद करू नये.’